माजी, भावी आणि गैरहजर

महापालिकेच्या मतदानाच्या दुसऱ्या दिवशीचं वर्तमानपत्र न उघडताही वाचता येतं. पहिल्या पानावर काठी टेकत आलेल्या नव्वदीच्या आजी असतात. त्यांच्या शेजारी मुंडावळ्या न सोडताच रांगेत उभं राहिलेलं जोडपं असतं आणि एका दिवसात दोनदा पसंती कळवावी लागल्याचा ताण नवरदेवाच्या चेहऱ्यावर दिसत असतो. खाली शाईचं बोट कॅमेऱ्यापुढे नाचवणारे नवमतदार, आतल्या पानावर टक्केवारी आणि अग्रलेखात मतदाराची बिनपाण्याने. आमच्या छत्रपती संभाजीनगरात ती नाहीतरी बिनपाण्यानेच करावी लागते. ‘सुशिक्षितांची उदासीनता’, ‘मध्यमवर्गाची बेफिकिरी’, ‘लोकशाहीच्या उत्सवाकडे पाठ’ ही शीर्षकं प्रत्येक कचेरीत कायमची जुळवून ठेवलेली असावीत, फक्त टक्का तेवढा बदलायचा. ज्याची हजामत होते तो उलटून बोलत नाही. काही वाचकांना ती आपल्या शेजाऱ्याची वाटते, आणि उरलेले मतदान करून आलेले असल्यामुळे त्यांना ती मनापासून आवडते.

आरोपी इतका आयता हाती लागला की तपास तिथेच थांबतो. शहरातला मतदार महापालिकेच्या मतदानाला कमी येतो, यात वाद नाही. मुंबईत २०१२ साली सुमारे ४५ टक्के लोक आले, २०१७ मध्ये सुमारे ५५ टक्के आले, २०२६ मध्ये आकडा पुन्हा ५३ च्या आसपास घसरला. पण तो आळशी आहे म्हणून येत नाही, हे निदान पुराव्याला टिकत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे. स्थानिक निवडणूक वेळेवर होत नाही. झाली तर दर वेळी वेगळ्या वेशात येते. आणि होऊन गेल्यावर तिचा नळाशी, कचऱ्याशी, रस्त्याशी काय संबंध होता ते कुणाला सांगता येत नाही. एवढं सगळं करून निम्मे लोक तरीही येतात. आश्चर्य करायचंच तर त्यांचं करावं.

हजेरीचाच विषय निघाला आहे तर हजेरीपटापासून सुरुवात करू. आमची महापालिका १९८२ मध्ये स्थापन झाली आणि तिची पहिली निवडणूक १९८८ मध्ये. म्हणजे मतदाराला उदासीन व्हायची संधी मिळायलाच सहा वर्षं लागली. पुढची निवडणूक १९९५ मध्ये. नंतर मात्र २०००, २००५, २०१०, २०१५ असं शहाण्यासारखं पाच-पाच वर्षांचं वेळापत्रक पाळलं गेलं. एप्रिल २०१५ मध्ये निवडून आलेल्या ११३ नगरसेवकांची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली. तेव्हा करोना होता. मतदानच काय, लग्नंसुद्धा लांबली होती. पण लांबलेली लग्नं वर्षभरात उरकली. महापालिकेचा मुहूर्त निघाला तो १५ जानेवारी २०२६ चा. मधल्या पावणेसहा वर्षांत या शहरात माजी नगरसेवक होते, भावी नगरसेवक होते, फक्त आजी नगरसेवक नव्हता. भावी तर इतके झाले की क्रांती चौकापासून टीव्ही सेंटरपर्यंत एकही खांब त्यांच्या वाढदिवसातून सुटला नाही. एरवी ‘भावी’ हे सहा महिन्यांचं पद असतं. इथे माणसं भावी म्हणून लागली, भावी म्हणून स्थिरावली, आणि काहींच्या फ्लेक्सवरचे केस पांढरे व्हायला लागल्यावर फोटो बदलावा की कलप लावावा असा प्रश्न उभा राहिला. बहुतेकांनी जुना फोटो कायम ठेवला.

संविधानाच्या अनुच्छेद २४३-यू मध्ये साध्या शब्दांत लिहिलेलं आहे की महापालिकेची मुदत पाच वर्षं, आणि ती संपण्याआधी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. संपल्यावर बघू, असं त्यात नाही. तरीही आधी साथ, मग ओबीसी आरक्षणाचा वाद, मग प्रभागरचना कोणी करायची याचा वाद, असं करत महाराष्ट्रातली एकेक महापालिका प्रशासकाच्या हाती गेली. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या असं बजावलं. चार महिने सरले. सप्टेंबरमध्ये न्यायालयाने ३१ जानेवारी २०२६ ही शेवटची तारीख दिली, तेव्हा कुठे सनई वाजली. आता बघा, मतदार सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेपाच या दहा तासांत आला नाही की त्याला कर्तव्यशून्य म्हणायचं, आणि निवडणूक पावणेसहा वर्षं आली नाही तर तिला ‘प्रलंबित’ म्हणायचं. शाळा सहा वर्षं बंद ठेवून पहिल्याच दिवशी पोरांच्या गैरहजेरीवर भाषण ठोकणाऱ्या हेडमास्तरांना गावात काय म्हणतात, ते मी इथे लिहीत नाही.

बरं, एकदाची आली तरी ती ओळखू येईल अशा वेशात यावी ना! वेश बदलण्याचा आमच्या राज्याचा व्यासंग दांडगा आहे. मुंबई सोडून बाकीच्या महापालिकांत २००२ साली तीन सदस्यांचा प्रभाग होता. २००७ मध्ये एकाचा झाला, २०१२ मध्ये दोघांचा, २०१७ मध्ये चौघांचा. २०१९ मध्ये नवं सरकार आलं, त्याने पुन्हा एकाचा ठरवला; २०२१ मध्ये त्याच सरकारला तीन बरे वाटले; २०२२ मध्ये सरकार बदललं आणि पुन्हा चार. ज्याला जो आकडा लाभतो तो त्याने लावायचा, असा हा मामला आहे, आणि मटक्याशी याची तुलना करणं मटकेवाल्यांना आवडणार नाही, कारण तिथे निकाल ठरल्या वेळी लागतो. आमच्या शहरात २०१५ पर्यंत एक वॉर्ड, एक नगरसेवक असा सरळ हिशोब होता. गटार तुंबलं की कुणाच्या दारात जायचं ते पोरासोरांनाही ठाऊक. २०२६ मध्ये २९ प्रभाग आणि ११५ जागा झाल्या, म्हणजे बहुतेक ठिकाणी चार आणि एका ठिकाणी तीन. आता गटार तुंबलं तर अ म्हणतो ते ब च्या बाजूला येतं, ब म्हणतो क ने निधी घेतला, क चा फोन लागत नाही आणि ड ने मागच्याच आठवड्यात पक्ष बदललेला असतो. चौघं मिळून जबाबदार म्हणजे जबाबदार कोणीच नाही, हे चार भावांच्या सामायिक विहिरीवर मराठवाड्याने पिढ्यान् पिढ्या पाहिलेलं आहे.

मतदान केंद्रावरची गंमत जवळून पाहण्यासारखी असते. खोलीत पाऊल टाकलं की ओळखपत्र, यादी, सही, बोटाला खूण, आणि मग पुठ्ठ्याच्या आडोशामागे एकटे तुम्ही. पुढे अ, ब, क, ड अशा चार याद्या, प्रत्येकीचा रंग वेगळा, आणि प्रत्येकीच्या तळाला ‘वरीलपैकी कोणीही नाही’. पहिलं बटण आत्मविश्वासाने दाबलं जातं, कारण त्या एका उमेदवाराचं नाव घरून ठरलेलं असतं. दुसरं चिन्ह बघून. तिसऱ्या यादीत ओळखीचं नाव शोधताना आपल्या प्रभागात इतके लोक राहतात हे प्रथमच कळतं. चौथ्यापर्यंत येईतो बाहेरून कुणीतरी खाकरायला लागलेलं असतं. काही जण पहिलं बटण दाबून नमस्कार करून बाहेर पडू लागतात आणि मतदान अधिकारी ‘अहो काका, अजून तीन!’ म्हणून मागे ओरडतो. चारही झाल्याशिवाय यंत्राची लांब शिट्टी वाजत नाही. काका परत जातात आणि उरलेली तीन बटणं ज्या वेगाने दाबतात, त्यातून तीन लोकप्रतिनिधी जन्माला येतात. एवढी कसरत करून बाहेर पडलेला माणूस बोटावरची खूण बघतो, तर ती मार्करने काढलेली. या वेळी ती खूण पुसली जाते म्हणून राज्यभर गलका झाला. राज्य निवडणूक आयोगाने २०११ पासून स्थानिक निवडणुकांत मार्करच वापरतो असं सांगितलं. म्हणजे खूण जुनीच होती, तिच्याकडे कुणी निरखून पाहिलं नव्हतं.

टक्केवारीच्या गणितातही एक गोम आहे. टक्केवारीत वरचा आकडा मतदारांच्या पायांनी ठरतो, खालचा सरकारी यादीने. महापालिकेची यादी वेगळी बनत नाही. विधानसभेची यादी प्रभागांनुसार तोडून ती तयार होते. २०२६ साठी १ जुलै २०२५ ची यादी घेतली. त्या यादीत मुलीच्या लग्नाला आठ वर्षं झाली तरी ती अजून माहेरी राहत असते. सिडकोतलं भाड्याचं घर सोडून बीड बायपासला फ्लॅट घेतलेला माणूस दोन्हीकडे सुखाने नांदत असतो. पुण्याला नोकरीला गेलेली मुलं इथेच असतात, आणि काही आजोबांनी स्वर्गाला जाऊनही नागरिकत्व सोडलेलं नसतं. एकट्या मुंबईत या वेळी सुमारे ११ लाख नावं यादीत एकाहून अधिक वेळा आल्याचं आढळलं. दुबार वाटणाऱ्या नावांपुढे आयोगाने दोन तारे छापले. हॉटेलला मिळाले असते तर त्याने पाटी लावली असती. आता समजा एखाद्या प्रभागात शंभर नावं आहेत, त्यांतली पंधरा अशीच हवेत आहेत, आणि पंचावन्न लोक मतदानाला आले. वर्तमानपत्र म्हणेल ५५ टक्के, धिक्कार असो. खरी हजेरी पंचाऐंशीत पंचावन्न, म्हणजे जवळपास ६५ टक्के. बाकीचे पंधरा गुन्हेगार मेलेले, गेलेले किंवा दोनदा जन्मलेले आहेत. यावर आक्षेप निघेल, आणि तो रास्त आहे, की हीच सदोष यादी विधानसभेलाही असते आणि तेव्हा राज्यात ६६ टक्के मतदान झालंच की. बरोबर. यादीवर सगळं ढकलून चालणार नाही. उरलेलं अंतर कशाचं, हाच खरा प्रश्न.

त्याचं ठरलेलं उत्तर म्हणजे सुट्टी. १५ जानेवारी २०२६ गुरुवारी आला, आदल्या दिवशी संक्रांत, शुक्रवारची एक रजा टाकली की रविवारपर्यंत मोकळीक. लोक गाड्या काढून पळाले, असं म्हणतात. काही पळाले असतील. पण नियतीने आमच्यासाठी एक सुंदर प्रयोग करून ठेवला आहे. बरोबर पाच वर्षांपूर्वी, १५ जानेवारी २०२१ रोजी, महाराष्ट्रातल्या साडेबारा हजारांहून जास्त ग्रामपंचायतींचं मतदान झालं. तीच तारीख, तीच संक्रांतीची कर, वर शुक्रवार असल्यामुळे जोडसुट्टी रजा न टाकताच, आणि साथ अजून गेलेली नव्हती. मतदान किती झालं? सुमारे ७९ टक्के. आळस हा मराठी माणसाचा स्वभाव असता तर तो नगर नाक्याच्या अलीकडे चढतो आणि पलीकडे उतरतो, असं कसं होईल? गावाकडचा तोच माणूस शहरात येऊन फ्लॅटमध्ये राहायला लागला की त्याची लोकशाहीवरची निष्ठा पार्किंगमध्येच गळून पडते, असंही म्हणता येत नाही. कारण ग्रामपंचायतीच्या दिवशी हाच माणूस वाळूजहून, पुण्याहून, भाड्याच्या क्रुझरमध्ये दाटीवाटीने बसून गावी जातो आणि मत टाकून येतो. क्रुझरचं भाडं कोण देतं, हा उपप्रश्न आहे. त्यावर काही लोक म्हणतील की मग हे ७९ टक्के लक्ष्मीदर्शनाचे आहेत. असतीलही काही. पण दर्शन शहरातही होतं, आणि दर वाढूनही टक्का वाढत नाही, याचा अर्थ गावात आणखी काहीतरी आहे. गावात सरपंच सकाळी पारावर दिसतो. त्याला विचारता येतं, त्याच्याशी भांडता येतं, त्याचं लाजणं किंवा न लाजणं डोळ्यांनी बघता येतं. आणि आपण मत टाकायला गेलो नाही तर संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळतं.

शहरातही लोक घराबाहेर पडतात, पण कशासाठी, ते पाणी येतं त्या रात्री पाहावं. पैठणचा नाथसागर भरून वाहत असला तरी चाळीस-पन्नास किलोमीटरवरच्या या शहरात नळाला पाणी कुठे पाचव्या दिवशी, कुठे आठव्या, कुठे त्याहून पुढे. ते रात्री दीडला येवो की पहाटे चारला, गल्लीत कुणीतरी ‘पाणी आलंऽऽ’ म्हणतो आणि एका मिनिटात प्रत्येक घरात दिवा लागतो. मोटारी घुरघुरतात, हौदाची झाकणं उघडतात, ज्यांची गुडघेदुखी मतदान केंद्रापर्यंत जाऊ देत नाही ते पायपाचं टोक धरून जिना चढतात. हजेरी शंभर टक्के, आणि कुठलीही प्रभातफेरी न काढता. प्रभातफेरी हा तर स्वतंत्र चमत्कार आहे. अठराच्या आतली पोरं थंडीत सकाळी सातला फलक घेऊन निघतात आणि अठरावरच्यांना जागं करतात, म्हणजे ज्यांना मत नाही ते ज्यांना आहे त्यांची झोप मोडतात. जाग मात्र येते ती नळाच्या आवाजाने. ज्यातून काही येतं त्यासाठी माणूस उठतो. महापालिकेच्या मतपेटीतून काय येतं, हे त्याला गेल्या वीस वर्षांत कुणी दाखवलेलं नाही. समांतर जलवाहिनी नावाची योजना आली, कंपनी आली, २०१६ मध्ये करार रद्द झाला. डिसेंबर २०२० मध्ये १,६८० कोटींच्या नव्या योजनेचं भूमिपूजन झालं, पुढे तिचा खर्च २,७४० कोटींवर गेला. एवढ्या पैशात पाणी नाही तर निदान तोंडाला फेस तरी येतोच. २०१८ च्या फेब्रुवारीत, शहराचा कचरा जिथे टाकला जायचा त्या नारेगावच्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या तेव्हा महिनोन् महिने शहरभर कचऱ्याचे ढीग होते, आणि तेव्हा तर ११३ नगरसेवक पूर्ण भरात होते. लोकांनी यातून जो धडा घेतला तो चुकीचा असेल, पण अतर्क्य नाही.

ज्यांना जमलं त्यांनी यावर तोडगा काढला. सोसायटीने बोअर घेतला, टँकरवाल्याचा नंबर फ्रिजवर चिकटवला, दारात वॉचमन बसवला, अंतर्गत रस्त्याला गट्टू टाकून घेतले. अशी सोसायटी म्हणजे एक छोटी महापालिकाच, आणि तिच्या वार्षिक सभेत पार्किंगच्या विषयावर जी हजेरी आणि जी भाषा असते ती पाहून उदासीनतेचा आरोप करण्याची कुणाची छाती होणार नाही. याउलट मुकुंदवाडीत, किराडपुऱ्यात, मिसारवाडीत टँकर, दाखला, ड्रेनेजचं झाकण, दवाखान्यातली ओळख या सगळ्यांसाठी नगरसेवक लागतो. ज्याला गरज आहे तो रांगेत उभा राहतो. देशभरातल्या अभ्यासकांनी नव्वदच्या दशकापासून हेच नोंदवलं आहे की भारतात गरीब माणूस श्रीमंतापेक्षा जास्त नेमाने मत देतो. म्हणून सुशिक्षितांना उपदेश करताना ‘लोकशाहीचं ऋण’ वगैरे न म्हणता टँकरची महिन्याची पावती पुढे ठेवावी. महापालिकेच्या पाणीपट्टीच्या वर आपण दुसरी पाणीपट्टी भरतो आहोत, आणि ती कुणाला विचारून वाढते हेही आपल्याला माहीत नाही.

इथे या शहरातला सगळ्यात लोकप्रिय आक्षेप येतो, आणि तो चहाच्या टपरीवर रोज ऐकू येतो: प्रशासकच बरा होता की! नगरसेवक नव्हते तेव्हा रस्ते झाले, अतिक्रमणं निघाली, कुणाचा फोन नाही की कुणाची टक्केवारी नाही. आणि पुढे दाखला थेट मलिक अंबरचा. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने डोंगरातलं पाणी नहरीने शहरात आणलं, कुठे घेतलं होतं मतदान? युक्तिवाद बिनतोड वाटतो, कारण नहर अजून दिसते आणि समांतर जलवाहिनी दिसत नाही. पण मलिक अंबर दर तीनशे वर्षांत एखादा मिळतो. त्याच्या आधारावर पंचवार्षिक नियोजन करता येत नाही. प्रशासकाचं म्हणाल तर पावणेसहा वर्षं एकहाती कारभार होता, सभागृहाचा अडथळा शून्य होता, तरी पाणी रोज आलं नाही, आणि योजनेला ढकलायला उच्च न्यायालयाच्या खंडपीठाला तारखांवर तारखा घ्याव्या लागल्या. २०२५ च्या जून-जुलैमध्ये मुकुंदवाडीपासून बुलडोझर निघाले ते जालना रोड, पैठण रोडपर्यंत फिरले. ज्यांचा रस्ता मोकळा झाला त्यांनी टाळ्या वाजवल्या, ज्यांचं दुकान गेलं त्यांना ‘आम्हाला मुदत द्या’ एवढं सांगायलाही निवडून दिलेला माणूस नव्हता. कारवाई योग्य की अयोग्य हा इथला मुद्दा नाही. प्रशासक आवडला तर ठेवता येत नाही आणि नावडला तर काढता येत नाही. त्याची बदली मुंबईत ठरते. नगरसेवकाची बदली आपण करू शकतो, अर्थात निवडणूक झाली तर.

दुसरा तोडगा दंडुक्याचा: मतदान सक्तीचं करा. ऑस्ट्रेलियात आहे, वीस डॉलर दंड आहे, नव्वदच्या आसपास टक्के येतात, आणि केंद्राबाहेर शाळेच्या मदतीसाठी सॉसेज भाजून विकतात. आपल्याकडे गुजरातने हा प्रयोग स्थानिक संस्थांसाठीच केला. २००९ मध्ये विधेयक, राज्यपालांची संमती मिळायला २०१४, २०१५ मध्ये १०० रुपये दंडाचे नियम, आणि त्याच वर्षी उच्च न्यायालयाची स्थगिती. शंभर रुपये दंड ही कल्पना व्यवहारात कशी चालली असती ते सांगायला नको. निम्म्या लोकांनी आगाऊ भरून पाच वर्षांची पावती मागितली असती. विलायतेत कौन्सिलच्या निवडणुकीला साधारण तिघांतला एकच जण जातो आणि तरी कचऱ्याची गाडी वेळेवर येते, हेही लक्षात ठेवलेलं बरं. आणि टक्केवारीच्या गदारोळात एक गोष्ट विसरली जाते. जानेवारी २०२६ मध्ये राज्यात साठहून अधिक नगरसेवक बिनविरोध निवडून आले. त्या जागांसाठी एकही बटण दाबलं गेलं नाही. मतदान शून्य टक्के, आणि उदासीन म्हणून कुणाला झोडपलं नाही, उलट गुलाल उधळला. मतदार आला नाही तर लोकशाही धोक्यात, आणि मतदाराला येऊच दिलं नाही तर ‘एकमताने विश्वास’.

‘माझ्या एका मताने काय होणार’ हा मात्र सपशेल आळशी युक्तिवाद आहे आणि त्याला मी पाठीशी घालणार नाही. २०१७ मध्ये मुंबईच्या २२० क्रमांकाच्या प्रभागात भाजपचे अतुल शाह आणि शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर या दोघांना प्रत्येकी ५,९४६ मतं पडली. शेवटी चिठ्ठी काढली आणि शाह नगरसेवक झाले. त्या दिवशी त्या प्रभागात कितीजण दुपारी झोपले होते, याचा हिशोब काढला तर मुंबईच्या राजकारणाचा तो एक वेगळा इतिहास होईल. आमच्या शहराला तर चुरशीची सवयच आहे. २०१९ मध्ये लोकसभेला इम्तियाज जलील ४,४९२ मतांनी निवडून आले, २०२४ मध्ये औरंगाबाद पूर्वमधून अतुल सावे २,१६१ मतांनी. हे खासदार-आमदारांचे फरक. प्रभागात तर एखादी मध्यम आकाराची सोसायटी दुपारची झोप मोडून उठली तर निकाल उलटू शकतो. म्हणून वजनाचा हिशोब केला तर आपलं सगळ्यात जड मत महापालिकेचंच, आणि आपण सगळ्यात हलकं घेतो तेही तेच.

हलकं घ्यायला आपल्याला शिकवलं कुणी? १९८८ च्या पहिल्या निवडणुकीपासून या शहरात प्रत्येक महापालिकेला एक प्रश्न हमखास पेटायचा, तो शहराच्या नावाचा: औरंगाबाद की संभाजीनगर. नाव बदलणं महापालिकेच्या हातात नव्हतं; ते राज्य आणि केंद्राने करायचं होतं, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांनी ते केलंही. पस्तीस वर्षं जो प्रश्न महापालिकेला सोडवता येत नव्हता त्यावर महापालिका लढवली गेली, आणि जो सोडवणं फक्त तिचंच काम होतं तो नळ सभेच्या व्यासपीठावर कधी आलाच नाही. दोन्ही बाजूंना हे सोयीचं होतं. नळाचं आश्वासन दिलं की पाच वर्षांनी तोटी उघडून दाखवावी लागते, अस्मितेला तोटी नसते. आता नाव झालं आहे. पुढच्या वेळी भाषणात काय सांगायचं, या चिंतेत बरेच लोक असतील.

या सभागृहाची पाच वर्षं २०३१ च्या सुरुवातीला संपतील. तोवर उपदेशापेक्षा उपयोगाच्या दोन गोष्टी करता येतील. घर बदललं असेल तर नमुना ८ भरा, घरातलं कुणी गेलं असेल तर नमुना ७. दोन्ही घरबसल्या मोबाइलवर भरता येतात आणि त्यासाठी निवडणूक जाहीर व्हायची वाट पाहावी लागत नाही. दुसरी गोष्ट, २०३० च्या पावसाळ्यात आपल्या चौघांपैकी जो कुणी फोन उचलेल त्याला एवढंच विचारा की प्रभागरचनेचं काम सुरू झालं का. ‘बघू’ असं उत्तर आलं, तर कोपऱ्यावरच्या भावी नगरसेवकाला सांगून ठेवा की फोटो जरा टिकाऊ फ्लेक्सवर छापून घे.